चिंचेच्या पायाशी लाल फरशी

मित्रांनो, मी एक जुनी चिंच आहे. आंबट आहे, आणि त्याची मला मुळीच लाज नाही. शिवरे गावात, हायवेच्या कडेला, रतनबाईच्या अंगणात मी उभी आहे.

मला लावलं रतनबाईच्या सासूनं. गाव म्हणालं, "चिंचेवर भूत बसतं, दारात कुठं लावतीस?" म्हातारी म्हणाली, "बसू दे की! आमी येशूची माणसं. भूत आलंच तर त्यालाबी प्रार्थनेला बसवीन." तिनं मला तांब्यातांब्यानं पाणी घातलं, शेळ्यांपासून राखलं. मग मीही हात आखडला नाही. फांद्या वाकेपर्यंत चिंचा दिल्या. पोरं दगड मारायची. मी म्हणायची, मारा मेल्यांनो, आणि चिंचा टाकायची. काठी घेऊन धावायची ती रतनबाई. तिची जीभ माझ्या फळाहून आंबट.

महिन्यातून एकदा माझ्या सावलीत उपासना व्हायची. पाळकसाहेब माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "मंडळी, जीवन असावं तर असं फळणारं." मी फुगायची. रतनबाई माझ्याहून जास्त फुगायची.

त्या फुगण्यापायी तिनं मला पार बांधला. "माझं झाड गाडीतनं जाणाऱ्याला उठून दिसलं पाह्यजे!" खोडाला चिकटून सिमेंट, वर गुळगुळीत लाल फरशी, उरलेल्या अंगणात पेव्हर ब्लॉक. मला वाटलं, हार घातला. हार कसला, फास होता तो. पाऊस यायचा, फरशी धुऊन गटारात जायचा. माझ्या मुळांना त्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

चिंचा कमी झाल्या, मग थांबल्याच. मंडळी पारावर उभी राहून माझ्यासाठी प्रार्थना करू लागली. मन चांगलं होतं हो त्यांचं, पण पाय माझ्या नरड्यावर होते. पुढं उपासना भोरला हलली. पोरं यायची बंद झाली. पाखरंही दुसरीकडं गेली.

रतनबाईचा लेक कुमार पुण्यात असतो. ती त्याला दर रविवारी फोन करायची. "उपासनेला गेलतास का? न्हाई? मग कशाचा माझा ल्योक!" हळूहळू त्यानं फोन उचलणं सोडलं. उरलो आम्ही दोघी. ती ओट्यावर, मी पारात. दिवस दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही.

नाताळ जवळ आला तसं तिनं ठरवलं. "फळ न्हाई तर ठिवायची कशाला? उद्या लाकूडतोड्या चिमाजी करवत घेऊन येतुया." पण संध्याकाळी बादली घेऊन माझ्यापाशी आली. "घे बाई, शेवटचं. सासूनं लावलेली तू, तहानलेली धाडायची न्हाई."

तिनं बादली ओतली. पाणी फरशीवरून घसरलं, तिचीच पावलं भिजवून गटाराकडं गेलं. तिनं दुसरी बादली आणली. तसंच झालं. रतनबाई ओल्या पायांनी उभीच राहिली.

"आगं बया! म्या तुझं तोंडच लिंपून ठिवलंय की!"

येशूच्या एका गोष्टीत मालक फळ न देणारं झाड तोडायला निघतो, तेव्हा माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. ही गोष्ट पाळकसाहेबांनी याच पारावर सांगितली होती. सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' रतनबाईच म्हणाली होती.

सकाळी चिमाजी आला. तिनं त्याच्या हातात पहार दिली.

"झाड ऱ्हाऊ दे. पार फोड."

"काकी, एवढी म्हागाची फरशी?"

"फोडतुस का म्या फोडू?"

तो बिचकला, तर पहिला घाव तिनंच घातला. खालची माती राखेसारखी निघाली. तिनं शेणखत घातलं, पाणी सोडलं. मी प्यायले, मित्रांनो. कशी प्यायले, ते विचारू नका.

मग पदराला हात पुसून तिनं कुमारला फोन लावला. बऱ्याच वेळानं तो उचलला गेला.

"आई, मला रविवारी जमलं न्हाई…"

"ते ऱ्हाऊ दे. जेवलास का?"

 तो हळूच म्हणाला, "न्हाई अजून."

"मग जेव आधी, बाबा."

कुमार अजून आलेला नाही. मलाही अजून फूल नाही. वय झालंय, येईलच असं सांगत नाही. पण रतनबाई रोज बादली ओतते आणि वर बघत नाही, खाली माती बघते.

म्हणून सांगते मित्रांनो, झाड असो की माणूस, सुकलेलं दिसलं तर लगेच फळ मागू नका. आधी त्याच्या पायाशी माती मोकळी आहे का बघा. आणि तिथं तुम्हीच उभे असाल, तर बाजूला व्हा.