सतरा नंबरचे गुण

एकतीस वर्षांपूर्वी मोतीकाकांना एक पत्र आलं होतं, आणि त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेमतेम सहा ओळींचं. लिहिणारी मुलगी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. "माननीय कारकूनसाहेब, गुणपत्रिकेवर मला एकसष्ट गुण आहेत. पडद्याआडून वाजवलं तेव्हा परीक्षकांनी किती दिले होते, तेवढं कृपा करून कळवा. वडील म्हणतात, एकसष्टवालीसाठी पियानो कशाला जागा अडवून ठेवायचा. खरोखर एकसष्टच असतील, तर माझी काही तक्रार नाही." खाली सही, पत्ता, आणि ओळख पटावी म्हणून कंसात 'सतरा नंबर'.

कंसाची काही गरज नव्हती.

मोती हे काकांचं खरं नाव नव्हे. संगीत विद्यालयात त्यांनी अडतीस वर्षं कारकुनी केली. अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळे मोती म्हणायचे. पोरं मागून हसायची, की नाव झकास बसलंय, बस म्हटलं की बसतो आणि भुंकत तर कधीच नाही. हे काकांनी एकदा दाराआडून ऐकलं होतं. रागवायला हवं होतं, पण त्यांना उलट वाटलं, पोरांची नजर चांगली आहे.

आता वय चौऱ्याहत्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात पुस्तकं, तीन चष्मे आणि ते. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि जाता-जाता रोज डबा ठेवून जायची.

सोमवारी सकाळी विद्यालयाची दोन माणसं एक लांबलचक फळा घेऊन आली आणि पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांवर टेकवून गेली. विद्यालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. पियानोच्या अंतिम परीक्षेत दरवर्षी पहिल्या आलेल्यांची नावं सोनेरी रंगात लिहून तो फळा मोठ्या दालनात लागायचा होता. लिहिणार कोण, तर मोतीकाका. रविवारच्या समारंभात त्यांचाही सत्कार होणार होता. काकांना मनातून बरं वाटलं. नंतर, बरं वाटलं याची लाज वाटली. मग त्यांनी शिसपेन्सिलीने ओळी आखायला घेतल्या.

मंगळवारी दुपारपर्यंत त्रेचाळीस नावं लिहून झाली. कानामात्रा जागच्या जागी, कुठे रंग फुटलेला नाही. त्रेचाळीस वर्षांत एकही नाव बाईचं नव्हतं. विद्यालयात मात्र दहातल्या सात मुली असायच्या. चव्वेचाळिसाव्या ओळीपाशी कुंचला थांबला. यादीत त्या वर्षापुढे जे नाव होतं, ते सध्याच्या प्राचार्यांचं. ती ओळ सोडून काकांनी पुढची नावं घेतली.

त्या वर्षाची हकिकत अशी.

परीक्षेत पडदा लावायची पद्धत विद्यालयाने मोठ्या अभिमानाने सुरू केली होती. वाजवणारा पडद्यामागे, परीक्षक पुढे. नाव नाही, नुसता नंबर. वर्तमानपत्रांतून कौतुक छापून आलं होतं. पण पडद्यामागचा मंच लाकडी होता, आणि मुलींच्या चपलांची टाच त्यावर टक्-टक् वाजायची. पियानोपर्यंत अकरा पावलं. तेवढ्यात तिन्ही परीक्षकांना जे कळायचं ते कळून जायचं. पहिल्या येणाऱ्याला जाहीर मैफल मिळे आणि विद्यालयात शिक्षकाची जागा. मुलगी आज ना उद्या लग्न करून जाणार, तिच्यावर जागा कशाला वाया घालवा, असा हिशेब. तो कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता. परीक्षक सगळे सज्जन होते, मुलींशी फार गोड बोलत. मुलींना साठीच्या घरातले गुण देत आणि गुणपत्रिकेवर शेरा लिहीत: घरगुती वादनास उत्तम.

सतरा नंबरच्या मुलीच्या चपलेचा अंगठा नेमका मंचाच्या पायरीशी तुटला. अनवाणी पायाने पियानोची पायपट्टी दाबायची नाही, असा नियम. ती रडकुंडीला आली. पायरीजवळच्या टेबलावर काका नंबर पुकारत बसले होते. त्यांनी काही न बोलता आपले बूट काढून दिले. तिने पुढे कागदाचे बोळे कोंबले आणि ती धाडधाड पावलं टाकत मंचावर गेली. परीक्षकांना वाटलं, कुणी धिप्पाड पोरगा आला. मग ती बावीस मिनिटं वाजवत होती. काकांना संगीतातलं फारसं कळत नव्हतं, पण मोज्यांवर बसलेल्या त्या माणसाला पुढचा नंबर पुकारायचं भान राहिलं नाही.

शंभरपैकी त्र्याण्णव. विद्यालयात आजवर कुणाला मिळाले नव्हते.

संध्याकाळी नंबरांपुढे नावं मांडली गेली आणि सतरापुढे मुलीचं नाव आलं. तेव्हाचे प्राचार्य कुणावर ओरडले नाहीत. म्हणाले, "मोती, गुणांच्या तक्त्यावर डाग पडलेत. पुन्हा सुवाच्य लिहून काढा." डाग कुठेच नव्हते. त्यांनी एका चिठोऱ्यावर एकसष्ट आकडा लिहून दिला. दुसरा आलेला मुलगा चौऱ्याऐंशीवर होता, तो पहिला झाला. काकांनी सुवाच्य लिहून काढलं. परीक्षकांनी वाचल्यासारखं करून सह्या केल्या. जुना तक्ता प्राचार्यांनी स्वतः फाडला.

पत्र आलं ते पंधरा दिवसांनी. आज उत्तर देऊ, उद्या देऊ, असं करत काकांनी सात मसुदे लिहिले आणि सातही फाडले. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती होती ती प्राचार्यांसमोर उभं राहून तोंड उघडायची. महिन्याभराने कळलं, तिच्या वडिलांनी पियानो विकला. वर्षाने तिचं लग्न झालं. विषय संपला, असं काकांनी स्वतःला सांगितलं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत घालायला शब्द कमी पडत नाहीत.

ती गावातच होती. बाजाराच्या रस्त्यावर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. तो रस्ता काकांनी कधीच सोडला होता.

मंगळवारी संध्याकाळी लेक डब्याची भांडी न्यायला आली. फळा पाहून म्हणाली, छान दिसतोय, पण मध्येच एक ओळ का रिकामी? काकांनी रंग वाळायचाय असं काहीतरी सांगितलं. ती भांडी विसळता-विसळता दुकानातल्या गोष्टी सांगू लागली, आणि बोलता-बोलता काजवाल्या मावशींवर आली. मावशींची धाकटी पोर सोळा वर्षांची. शाळेतल्या मोडक्या पियानोवर आपली आपण शिकलीय. शाळेतल्या बाईंनी तिला विद्यालयाचा प्रवेश अर्ज आणून दिलाय, शनिवार शेवटचा दिवस, आणि मावशी सही करत नाहीत. पोरगी दुकानात येऊन रडली, म्हणून लेकीने मध्यस्थी करून पाहिली होती.

"तर मला म्हणतात कशा, आमच्या हातात ते नाहीच मुळी. मी करून बसलेय, एकसष्ट गुण मिळाले होते. पोरीला कशाला त्या वाटेला लावू? बाबा, सुई अशी चालवते ती बाई, की बघत राहावं. आणि म्हणे हातात नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून बसले. मग खाली बघत, अडखळत, त्यांनी सगळं सांगितलं. बूट, चिठोरा, पत्र. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एकतीस वर्षं जे घशात अडकलं होतं, ते एवढंसंच होतं.

लेकीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मी आठ वर्षांची होते तेव्हा. मला शिकायचं होतं. तुम्ही म्हणालात, आपल्या घरातली बोटं आखूड."

"म्हटलं होतं."

"त्याच वर्षी ना?"

काकांनी मान हलवली. तिथे काय होतं ते ठाऊक असताना तुला कसं पाठवणार होतो, असं काहीसं ते पुटपुटले.

"म्हणजे मला वाचवलंत, असं समजत होतात." ती हसली, पण ते हसणं काकांना बघवेना. "मी अजून कुणासमोर हात पुढे करताना बोटं मिटते, बाबा. दुकानात सुटे पैसे देतानासुद्धा."

यावर काकांनी पहिल्यांदाच शब्द शोधले नाहीत.

जाताना लेक म्हणाली, मी आत्ता जाते आणि मावशींना सांगून टाकते. काका नको म्हणाले. ती उसळली. अजूनही नकोच का? तेव्हा ते म्हणाले, "तिनं मला लिहून विचारलं होतं. तोंडी निरोपावर ती कशी विसंबेल? खोटं ज्या अक्षरात लिहिलं, खरंही त्याच अक्षरात जायला हवं."

लेकीने त्यांच्याकडे जरा संशयाने पाहिलं. पूर्वीचे सात मसुदे तिला नुकतेच कळले होते.

बुधवारी सकाळी काकांनी फळा पुरा केला, ती ओळ सोडून. दहा वाजता प्राचार्य स्वतः पाहायला आले. मऊ बोलणारे, पन्नाशीतले, हातांची फार काळजी घेणारे गृहस्थ. सगळं वाखाणून झाल्यावर त्यांचं बोट रिकाम्या ओळीवर गेलं. काकांनी जे होतं ते सांगितलं. एक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं, पण आकडे स्पष्ट आले. त्र्याण्णव. चौऱ्याऐंशी. एकसष्ट.

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, काका, तो काळच तसा होता. तिघे परीक्षक वारले, तेव्हाचे प्राचार्य, माझे गुरू, तेही वारले, कुणाला जाब विचारणार? आता पडद्याबरोबर गालिचाही घालतो आम्ही.

"मग गेल्या दहा वर्षांत एक तरी मुलगी पहिली आली का?" काकांनी विचारलं.

प्राचार्यांनी ते ऐकलंच नाही असं केलं. "विचार करा. तो तक्ता दप्तरात आहे. उद्या कुणी काढून बघितला तर अक्षर कुणाचं निघेल?"

"माझं."

"मग लोक तुम्हालाच खोटारडा म्हणतील."

"म्हणू देत. खोटारडेपणा केलाय मी. तुम्हाला ते नाव हवंच असेल, तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या."

प्राचार्य दाराशी थांबले. रविवारी तुम्ही दमून जाल, सत्काराचं पुढे कधीतरी बघू, असं काळजीच्या सुरात म्हणाले आणि गेले. दुपारी तीच दोन माणसं येऊन फळा घेऊन गेली. रिकामी ओळ भरून द्यायला पेठेतला पाट्या रंगवणारा तयार आहे, हे त्यांच्याच बोलण्यातून कळलं. म्हणजे नाव लागणारच होतं. रविवारी टाळ्याही पडणार होत्या.

काका टेबलाशी बसले. कागद घेतला. नेहमीसारखी सुरुवात डोक्यात आली, "कळविण्यास अत्यंत खेद होतो की". ती त्यांनी लिहिली नाही.

"सतरा नंबरच्या बाईंस,

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला मला एकतीस वर्षं लागली. पडद्याआडून वाजवलंत तेव्हा तिन्ही परीक्षकांनी मिळून तुम्हाला शंभरपैकी त्र्याण्णव गुण दिले होते. तुम्ही पहिल्या आला होतात. तुम्ही मुलगी आहात हे कळल्यावर ते बदलले. एकसष्ट हा आकडा मी माझ्या हाताने लिहिला. तो तुमच्या वाजवण्याचा नव्हता. तुमचं पत्र मला मिळालं होतं. उत्तर ठाऊक असून मी दिलं नाही, कारण मी भ्यालो.

माफी मागत नाही. ती द्यायचं ओझं तुमच्यावर कशाला? तुमच्या मुलीच्या अर्जाची मुदत शनिवारपर्यंत आहे. विद्यालय अजून फारसं बदललेलं नाही, हेही सांगायला हवं. तरी सही करावी की नाही, ते खरे गुण धरून ठरवा. हे पत्र कुणालाही दाखवा. कुणी विचारलं, तर मी समोर येऊन हेच सांगेन."

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली 'निवृत्त कारकून'. मोती लिहिलं नाही.

एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तर फाडू, हे ठाऊक असल्याने लगेच पाकीट चिकटवलं, त्यावर शिंप्याच्या दुकानाचा पत्ता घातला आणि चपला घालून बाहेर पडले. टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पाचचं टपाल निघायला अजून अवकाश होता. आज टाकलेलं उद्या पोचतं, आणि उद्या गुरुवार. तिथे एक बाई पाकिटावर तिकीट चिकटवत उभी होती. तिचं होईपर्यंत काका बाजूला थांबले, आणि तेवढ्यात त्यांना परत फिरायची तीन कारणं सुचली. तिन्ही चांगली होती.

बाई गेली. त्यांनी पाकीट आत सोडलं, आणि दोन बोटं फटीत घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. पत्र तळाशी गेलं होतं. आता ते काढून घेणं त्यांच्या हातात नव्हतं.