दोराचं टोक

"लेकरं दोराजवळ बसवायची असतील, तर फक्की तुमीच मारा," असं म्हणून मसाजीनं चुन्याचं घमेलं शाळेच्या ओट्यावर ठेवलं आणि हात झटकले.

सभेतल्या सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सभा म्हणजे तरी काय, मंडळाची दहा-बारा पोरं, चार म्हातारे, पाण्याला जाता जाता थांबलेल्या दोन-तीन बाया, आणि मी, इथल्या शाळेचा जुना मास्तर. माझी बदली सेनगावला होऊन चार वर्षं झाली होती, पण सावरदरीत कबड्डीचं नाव निघालं की मला अजून बोलावणं यायचं. आठवड्यावर संक्रांत आली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सावरदरी आणि हिवरखुंटा या दोन गावांचा सामना व्हायचा. करीचा दिवस कोणत्याच कामाला चांगला नाही म्हणतात, पण आमच्या दोन्ही गावांना डोकी फोडायला तोच दिवस सापडला होता. दहा वर्षं तो सामना बंद होता. आता २००६ साली नवी पोरं तो पुन्हा सुरू करायला निघाली होती.

"मामा, काहून असं करून राहिले?" शिवहार म्हणाला. हा मंडळाचा अध्यक्ष. बावीस वर्षांचं पोरगं, अंगानं दणकट, चढाईला गेलं की दोन गडी मारल्याशिवाय परत न येणारं. "लेकरं म्होरं बसवायची युक्ती तुमचीच ना? समदं गाव सांगतं."

"माझीच."

"मग? दहा-अकरा वरसं चालली का न्हाई ती?"

"चालली," मसाजी म्हणाला.

ती युक्ती कशी निघाली, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण तिचं सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं होतं.

मसाजीचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. वीस-पंचवीस मेंढरं, चार शेळ्या आणि ओढ्याकाठचा तुरीचा तुकडा. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं ते मैदान आखण्यापुरतं. पण डोळा असा की सुतळी न लावता त्यानं ओढलेली रेषा फूटपट्टीला लाजवायची. मैदानाभोवतीचा दोरही त्याचाच, अंबाडीचा, घरी वळलेला. त्या काळी आमचा सामना कधी पुरा व्हायचा नाही. अर्ध्यावर आला की एखादा गुण वादात सापडायचा आणि मग खेळाडू बाजूला राहून बघेच भिडायचे. एका वर्षी तर पंचाला, म्हणजे मला, शाळेच्या संडासात दडून बसावं लागलं होतं. पुढच्या वर्षीच्या सभेत मसाजी कोपऱ्यातून उठला आणि म्हणाला, "गुर्जी, कळपात दोन मेंढे भिडाया लागले की आमी मधात कोकरं सोडतो. कोकरू म्होरं दिसलं की मेंढा डोकं घालत न्हाई. दोनी गावची लेकरं दोराजवळ म्होरं बसवा. आपलंच लेकरू म्होरं दिसलं तर कोन दगड मारंल?"

मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शहाणी माणसं शाळेत तयार होत नाहीत, असं एक वाक्यही मी तेव्हा ठोकून दिलं होतं. हिवरखुंट्यानंही ते कबूल केलं. त्या वर्षापासून दोन्ही गावची लेकरं दोराला चिकटून मांडी घालून बसायची आणि मोठी माणसं मागं उभी राहायची. शिव्या व्हायच्या, धोतरं सुटायची, पण दगड उठला नाही. मसाजीची कॉलर, म्हणजे बंडीला असती तर, ताठ झाली असती. औंढ्याच्या यात्रेत त्याला लोक बोट दाखवून ओळखायचे.

आणि मग १९९६ साल आलं. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. सामन्याच्या दोन दिवस आधी सेनगावला जीपच्या थांब्यावर दोन्हीकडच्या पोरांची मारामारी झाली होती. करीच्या दिवशी हिवरखुंट्याची दोन ट्रॅक्टर आली ती आधीच तापून आली. आमचीही काही थंड नव्हती.

मी शिट्टी घेऊन मैदानात उभा होतो. मसाजी लेकरं बसवत होता. पण त्या दिवशी आयांचे हात लवकर सुटेनात. जिवनबाई म्हणून एक होती, तोंडानं फटकळ. तिनं आपल्या दोन लेकरांना धरून ठेवलं आणि शाळेच्या ओट्याकडे बोट केलं.

"मसाजी, तुमची पोरगी तिकडं वर मांडीवर, अन् आमची लेकरं खाली धुरळ्यात काहून? लोका सांगे ब्रह्मज्ञान, व्हय?"

ओट्यावर बायांमध्ये मसाजीची बायको सिंधूबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर दीपमाला होती. आठ वर्षांची, माझ्याच वर्गातली, पाढे म्हणताना डोळे मिटून घेणारी. सकाळीच तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. त्यावर हळद लावून चिंधी बांधलेली होती.

मसाजी ओट्याकडे गेला. मी दहा पावलांवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"राहू द्या की माझ्यापाशी," सिंधूबाई म्हणाली. "पाय दुखून राहिला तिचा."

"न्हाई. लोकाची लेकरं म्होरं बसवायची अन् आपलं मांडीवर? उद्या कोन ऐकंल माझं?"

"एक वरीस न्हाई बसली तर काय बिघडतं हो?"

त्यानं वाकून पोरीला उचललं आणि खांद्यावर घेऊन आला. ती हसत होती. बाप सगळ्यांदेखत खांद्यावर घेतो आहे, याचंच तिला अप्रूप. त्यानं तिला कोपऱ्यात, दोर बांधलेल्या खुंटाजवळ बसवलं. ते पाहिल्यावर जिवनबाईनं आपली लेकरं सोडली आणि बाकीच्या आयांनीही सोडली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. दोन्ही संघ बरोबरीत. लेकरं सरकत सरकत इतकी पुढं आली होती की त्यांच्या पायांनी बाजूची फक्की पुसली गेली होती. हिवरखुंट्याचा गडी चढाई करून परतताना त्या बाजूनं गेला. त्याचा पाय बाहेर पडला असं मला वाटलं, आणि मी शिट्टी मारली. पडला होता का? दहा वर्षं मी तो पाय आठवून पाहतो आहे, मला अजून सांगता येत नाही.

मग जे झालं ते फार वेळ चाललं नाही. दगड दोन्हीकडून आले. लेकरं किंचाळत पळाली, माणसं त्यांच्या अंगावरून धावली. धुरळा बसला तेव्हा खुंटाजवळ दीपमाला आडवी पडलेली दिसली. कानशिलावर लागलं होतं. रक्त थोडंसंच होतं, त्यामुळे मला वाटलं वाचेल. जीपमध्ये सिंधूबाईनं तिला मांडीवर घेतलं होतं. सेनगावच्या पुढं गेल्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. आता घाई करू नका म्हणाली.

दगड हिवरखुंट्याचा होता की सावरदरीचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पोलीस आले, जबाब झाले, कुणाचंच नाव पुढं आलं नाही. मसाजीनं कधी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून त्या घरातलं बोलणं संपलं. भांडण नाही, तंटा नाही. ती भाकरी वाढायची, तो जेवायचा. ती शेताला पांदीच्या वाटेनं जायची आणि तो मेंढरं घेऊन ओढ्यानं. पुढची सगळी वर्षं ती दोघं एका वाटेनं चालताना मी पाहिली नाहीत.

सभेत हे सगळं प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पण शिवहारचं वय बोलायचं होतं.

"मामा, तुमचं दुःख आमाला कळतं," तो म्हणाला. "पण एकडाव झालं म्हणून लेकरायनं खेळच पाहायचा न्हाई का? म्या म्होरं बसून पाहिला म्हणून तर मला येड लागलं ह्याचं. लेकरं आली न्हाईत तर उद्याची टीम कुठून आणायची? आन् लेकरं नसली तर मोठे लोक जास्तच माजतील. त्या दिवशी मी बी म्होरंच होतो ना, दीपमालाच्या बाजूला. मला कुटं काय झालं?"

एका म्हाताऱ्यानं "शिवहार, गप," म्हटलं. पण शब्द सुटला तो सुटला.

मसाजी रागावला नाही. त्यानं शिवहारकडे नीट पाहिलं, आपल्या पोरीच्या जोडीला बसलेलं ते बारकं पोरगं त्याच्यात शोधत असल्यासारखं.

"तू पळाला, लेकरा," तो म्हणाला. "बराबर केलं. समदी पळाली. माझी पळाली न्हाई."

"पायात काटा होता तिच्या," मी म्हणालो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो.

"काटा न्हाई, गुर्जी." मसाजीनं मान हलवली. "ती बसायला कुरकुर करू लागली, म्हणून म्या दोराचं टोक तिच्या हातात देलं. म्हनलं, हे धर, सोडू नको, तुझ्यावर समदं मैदान आहे. ती खूश झाली. मग दगड आले. मी पलीकडच्या कोपऱ्यात होतो. तिथून वरडलो, पळ माय, पळ. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनं आधी दोराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. धरूनच बसली. म्या उचलली तवा बी मुठीत दोर होता."

पाण्याला निघालेल्या बायांमध्ये जिवनबाई होती. तिनं डोक्यावरचा हंडा खाली उतरवला आणि तोंडाला पदर लावला.

"मेंढ्याला कोकरू दिसतं," मसाजी म्हणाला. "तापलेल्या माणसाला न्हाई दिसत. हे मला कळाया पाहिजे होतं, मी मेंढरात वाढलो अन् माणसात राहिलो. शिवहार, खेळ बंद करा असं मी म्हनत न्हाई. लेकरायनं पाहूच नाही असं बी न्हाई. पण लांबून पाहू दे. लेकराच्या आडून मोठ्यायनं शहाणं व्हायचं, ही रीत मोडा."

शिवहारच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. अखेर त्यानं ओट्यावरचं घमेलं उचललं आणि मसाजीसमोर धरलं.

"तुमी सांगाल तिथं रेघ मारा, मामा."

मी वहीत ठराव लिहिला. सातवीच्या खालचं लेकरू दोराजवळ दिसलं, तर सामना तिथंच थांबेल. हिवरखुंट्यालाही तशी चिठ्ठी गेली. असला ठराव दहा वर्षं आधी मला सुचला असता तर, पण माझी अक्कल तेव्हा टाळ्या वाजवण्यात गुंतली होती.

उठताना मसाजी माझ्याजवळ थांबला. "दोराचं तिला ठाऊक न्हाई," तो हळूच म्हणाला. तिला म्हणजे सिंधूबाईला. "कधी सांगता आलं न्हाई. आता बाया सांगतील."

"सांगतील," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता.

करीच्या दिवशी मी दुपारीच पोचलो. मैदान आखून तयार होतं. शिवाय शाळेच्या भिंतीकडेला, ओट्यापासून थोडं पुढं, मसाजीनं फक्कीची आणखी एक रेघ ओढली होती. तिच्यामागं लेकरं बसायची. रेघ इतकी सरळ होती की लेकरं तिला पाय लावायला घाबरत होती. दोन्ही गावची लेकरं मिसळून बसली होती आणि मसाजी हातात काठी घेऊन मैदानाकडे पाठ करून त्यांच्यापुढं उभा होता. या वर्षी शिट्टी माझ्याकडे नव्हती, तिला मीच नाही म्हणालो होतो.

सामना सुरू व्हायच्या आधी सिंधूबाई आली. दहा वर्षांत ती या मैदानाकडे फिरकली नव्हती. तिच्या कडेवर शेजारची अंजली होती, चार वर्षांची, नाक गळणारी, हातात हलव्याची पुडी. ती कुणाशी न बोलता ओट्यावर त्याच जागी बसली, जिथं तेव्हा बसली होती. पोरीला तिनं मांडीवर घेतलं.

मसाजी एक एक लेकरू रेघेच्या मागं सारत ओट्यापर्यंत आला. तिथं तो थांबला.

सिंधूबाईनं मान वर केली.

"ही राहू द्या माझ्यापाशी," ती म्हणाली.

मसाजीनं काठी दोन्ही हातांनी धरली.

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे तुझ्यापाशी."

मग तो पाठमोरा वळला आणि पुन्हा लेकरांपुढं जाऊन उभा राहिला. मागं सामना रंगला, आरोळ्या उठल्या, एकदा बाचाबाचीही झाली. लेकरं टाचा उंचावून पाहत होती. मसाजीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मलाही खेळ दिसला नाही. मी त्या माणसाकडेच पाहत बसलो.

दगड उठला नाही. आम्ही दोन गुणांनी हरलो, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

माणसं पांगली तेव्हा अंजली सिंधूबाईच्या मांडीवर झोपून गेली होती. तिची आई घ्यायला आली. "उठवू नको," सिंधूबाई म्हणाली. "मी येते घेऊन." मसाजीनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. ती पुढं निघाली, तो दोन पावलं मागं. मी शाळेच्या फाटकातून पाहत होतो. झोपलेल्या पोरीची मान कलंडली, तेव्हा त्यानं पुढं होऊन ती तिच्या खांद्यावर नीट ठेवली आणि पुन्हा मागं राहिला.

अंजलीचं घर आलं. सिंधूबाईनं पोरगी तिच्या आईच्या हातात दिली, रिकामे झालेले हात पदराला पुसले, आणि दोघं आपल्या घराकडे वळली.