चाड्यावरची मूठ

मला तोंड मोठं आणि पोटाला भोकं चार. आत टाकाल ते खाली जाणार, टिकायचं काही नाही. कुणाला हा अवगुण वाटेल, पण माझं कामच ते. मी चाडं बोलतोय.

पेरणीच्या औताला आमच्या भागात कुरी म्हणतात. तिच्यावर बसवलेली लाकडी वाटी म्हणजे मी. माझ्यात मूठ धरून दाणे सोडायचे, ते भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून जमिनीत जातात. नाथाजी सुतारानं मला जुन्या बाभळीतून कोरलं आणि मी जत तालुक्यातल्या बिराप्पा धनगराच्या घरी आलो. त्याची बायको रंगुबाई ओटीत जोंधळा घेऊन माझ्यावर मूठ धरायची. त्या मुठीचं मला आजही नवल वाटतं. चारी नळ्यांना सारखा वाटा, ना दाणा जास्त, ना कमी. कसं जमतं विचारलं तर म्हणायची, "हाताला ठावं हाय. मला कुठं सांगता येतंय!"

एक खंत मात्र होती. पेरणी संपली की मला पुसून घरात खुंटीवर टांगायचे. पेरलेलं उगवतं म्हणे, कणसात भरतं म्हणे. मी ते कधीच पाहिलं नव्हतं. पुढं ट्रॅक्टरची पेरणी आली आणि खुंटीवरून उतरणंही संपलं. कुणीतरी माझ्यात खिळे ठेवले, तेही गळून पडले.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता गावच्या शाळेत शिक्षकांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण भरलं. शेती आणि आपल्या भागातलं खाणं मुलांना कसं शिकवायचं, हा विषय. शिकवायला तासगावचे इंद्रजित सर. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जोंधळ्याच्या गावात पोरं शाळेत रोज काय जेवतात?"

"भात," कुणीतरी म्हणालं.

तेव्हा याच शाळेच्या प्रियदर्शनी बाई पोरांदेखत बोलून गेल्या, "मागच्या रानात जोंधळा पेरू. एक दिवस तरी सगळ्यांच्या ताटात आपली भाकरी वाढू." बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पोरं त्याच दिवसापासून वाट बघायला लागली.

रान लहानसं. बी रंगुबाईनं दिलं, सासूच्या वेळेपासून राखलेलं. अर्धं रान बाईंनी पेरून दाखवायचं आणि उरलेलं शेवटच्या दिवशी इतर शिक्षकांनी, असं ठरलं. मला खुंटीवरून काढून हळदकुंकू लावलं, तेव्हा माझा ऊर भरून आला.

बाई कराडकडच्या, बागायतदार घरातल्या. वडील फौजेत, चुलत्यांचा ऊस. "मीपण शेतकऱ्याचीच लेक आहे की," म्हणत त्यांनी ओढणीची ओटी बांधली. पण उसाची कांडी लावतात, तिथं मूठ धरायची वेळच येत नाही. तरी हात बरा चालला होता. अडचण एकच, बाई पडल्या शिक्षिका. मागून येणाऱ्या पोरांना समजावल्याशिवाय त्यांना राहवेना, आणि समजावताना हात हवेत. "वाफसा म्हणजे माती धड ओली नाही, धड कोरडी नाही," हात वर. "मूळ आधी खाली जातं," हात वर. माझं तोंड रिकामं, नळ्या रिकाम्या, बैल आपले चाललेच होते. ते हाकणाऱ्या बिराप्पाची आमच्याकडं पाठ. बांधावरच्या रंगुबाईनं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. बाई शिकवत असताना मध्ये बोलायचं नाही, ही आमच्या गावची रीत.

पेरणी झाल्यावर मला वर्गाच्या खिडकीत टांगलं, रानाकडं तोंड करून. काही दिवसांनी सकाळी पाहतो तर मातीतून हिरव्या सुया वर आलेल्या. मी थक्क झालो. ढेकूळ बाजूला सारून उभं राहणारं हे लेकरू माझ्या भोकातून गेलं होतं? इतकी वर्षं मी हे पेरत होतो?

पण तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, जागोजागी मोकळी जमीन होती. चौथीतली सोनम एका फटीशी उभी राहून म्हणाली, "बाई, हितं तुमी वाफसा सांगितला."

"आन् हितं मूळ," दुसरं कुणी पुढं बोट दाखवून म्हणालं. पोरांना चिडवायचं नव्हतं, त्यांना धडा खरंच पाठ होता.

बाईंचा चेहरा उतरला. आता सगळ्यांना पुरेल एवढी भाकरी कुठून यायची? रंगुबाई जवळ आली. "मी बगितलं व्हतं, बाई. पर तुमी शिकवत व्हता, मधी कसं बोलू? आन् माझ्या पयल्या पेरणीला सासू म्हणली व्हती, ह्या फटीतनं बैलगाडी जाईल." बाई हसल्या, पण डोळे भरलेच.

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या शिक्षकांना त्या फटींपाशी नेलं. "मी जिथं जिथं बोलले, तिथं काही उगवलं नाही," एवढंच सांगितलं. मग सरांकडं वळल्या. "उरलेलं रान मला पेरू द्या."

आदल्या दिवशीच्या पावसाच्या सरीनं ओल टिकली होती. बाईंनी मूठ धरली. "बाई, बी किती खोल जातं?" पोरांनी विचारलं. बाईंचा हात माझ्यावरून उठला नाही. मग पोरं स्वतःच वाकून तास उकरून बघू लागली, बोटानं मापू लागली, आपसात वाद घालू लागली. मूठ चालत राहिली. शेवटचं तास संपल्यावर बाई बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता विचारा." मग पोरं काही त्यांना उठू देईनात.

ते अर्धं रान भरगच्च उगवलं. पानांच्या पोटरीतून कणीस निघताना, हिरवे दाणे पांढरे होताना मी खिडकीतून पाहिलं. एका दाण्याच्या पोटी एवढे दाणे कुठं असतात, मला अजून कळलेलं नाही.

गड्यांनो, ट्रॅक्टरवर माझा राग नाही. त्यानं मोठी रानं पेरावीत. पण वर्षातून एकदा मला खाली काढा आणि पोरांना माझ्यावर मूठ धरू द्या. त्यांच्याही हातांना ठावं होऊ दे.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेच्या अंगणात चुली पेटल्या. भाकरी अर्धी अर्धीच आली, पण प्रत्येकाच्या ताटात आली. सोनमनं तिचा वास घेतला, मगच तोडली. रंगुबाईनं मला खिडकीतून खाली काढलं, एक चतकोर मोडली आणि माझ्या तोंडात ठेवली.

ती खाली पडली नाही.