काखेतलं रिव्हॉल्व्हर

"बाबा, आज दुपारी तुझ्याऐवजी मी उभी राहू का?"

हा प्रश्न मी शेकोटीभोवती नाश्त्याला बसलेल्या सगळ्या हौशी, सुट्टीपुरत्या काउबॉयांसमोर विचारला. 'विचारून दाखव, मग मानू,' असं म्हणत माझ्या मैत्रिणी राडका आणि लीदा मला आठवडाभर डिवचत होत्या. मी विचारलं, आणि त्या दोघींचेच चेहरे बघण्यासारखे झाले.

साझावा नदीकाठच्या आमच्या जुन्या दगडखाणीत दर ऑक्टोबरात ही नेमबाजीची स्पर्धा असते. कुंपणावर सहा डबे, हातात सहा गोळ्या, वेळेचं बंधन नाही. एकच नियम कडक आहे : एका रिव्हॉल्व्हरवर एकच नाव. आणि आमच्या घरात रिव्हॉल्व्हरही एकच. चालतं मुठीत बसवलेल्या वायूच्या कुपीवर, पण दिसायला थेट जुन्या अमेरिकेतलं. लांब नळी, लाकडी मूठ, प्रत्येक गोळीला अंगठ्याने मागे ओढायचा घोडा. बाबा आठवडाभर शहरात बस चालवतो, म्हाताऱ्यांना हात देऊन वर घेतो. शनिवार आला की तोच माणूस टोपी डोळ्यांवर ओढून 'ब्लॅक ओल्दा' होतो आणि रिव्हॉल्व्हरला आईलाही हात लावू देत नाही. मला त्याने उन्हाळाभर परसात शिकवलं, तेही पडलेले डबे मी उचलायचे या अटीवर.

"तू?" बाबाच्या काठीवरचं सॉसेज निखाऱ्यात पडलं. "ब्लॅक ओल्दाच्या जागी शाळेतली पोरगी? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बरं झालं, यंदा डबे पडतील तरी," आई सूपाच्या पातेल्यामागून म्हणाली.

आमचे शेरिफ बोहुशकाका खोकला येईपर्यंत हसले. "भांडता कशाला? आत्ताच होऊन जाऊ दे. बाप-लेक, सहा-सहा गोळ्या. जास्त डबे पाडेल त्याचं नाव स्पर्धेच्या फळ्यावर."

"चालेल," बाबा म्हणाला. "पण हरलीस तर अठरा पूर्ण होईपर्यंत याचं नाव काढायचं नाही. परसातसुद्धा नाही."

म्हणजे पुढचं अख्खं वर्ष. पण आता मागे कोण हटतंय!

आधी बाबा. रात्री गवत पांढरं पडेल इतकी थंडी होती, आणि रिव्हॉल्व्हर रात्रभर तंबूबाहेरच्या खुंटीला, कमरपट्ट्यातच लटकत होतं. खरा बंदूकवाला पट्टा पांघरुणात घेऊन झोपत नाही म्हणे! त्यात बाबाला सावकाश झाडणं ठाऊकच नाही. उजव्या हाताने चाप दाबून धरायचा आणि डाव्या तळव्याने घोड्यावर फटाफट चापट्या मारायच्या. पहिले दोन डबे उडाले. तिसरा नुसता डुलला आणि उपकार केल्यासारखा पडला. मग आवाजच मऊ झाला. उरलेल्या गोळ्या कुंपणाच्या अलीकडे चिखलात रुतल्या.

"वारा होता," बाबा म्हणाला.

"कसला वारा, ओल्दा? तुझ्या टोपीचं पीससुद्धा हललं नाही!" बोहुशकाका म्हणाले.

माझी पाळी आली. मूठ बर्फासारखी गार होती. वायू गारठला की गोळीत जोर राहत नाही, आणि भराभर झाडलं की तो आणखी गारठतो. उन्हाळ्यात घाईघाईने झाडलेली माझी शेवटची गोळी नेहमी खालीच जायची, तेव्हाच हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी नवी कुपी बसवली आणि एकही गोळी न भरता रिव्हॉल्व्हर स्वेटरच्या आत, काखेत धरलं. आई गं, काय ते गार!

"अंडं उबवतेय का ही?" कुणीतरी ओरडलं.

"पिल्लू निघालं की मला दे गं!" ही राडका. म्हणे मैत्रीण!

"मफलर तरी घाल!" ही आई.

मी आपली उभीच. मूठ अंगाइतकी ऊबदार झाल्यावर गोळ्या भरल्या, डोळ्यांना चष्मा लावला, घोडा ओढला, श्वास सोडला. टण्! मग थांबले. मूठ दोन्ही हातांत नीट धरून ठेवली. पुन्हा टण्! लोकांना जांभया यायला लागल्या. चौथी गोळी चुकली, कारण लीदा शिंकली. बाकी सगळ्या लागल्या. पाच!

बाबा धावत आला आणि मूठ चाचपून म्हणाला, "गरम आहे! ही फसवणूक आहे!"

"नियमांत काखेचा उल्लेख नाही," बोहुशकाका म्हणाले आणि खडू शोधायला लागले.

बाबाने मला बाजूला घेतलं. "दुपारी मला उभं राहू दे ना गं. नवा शर्ट शिवलाय." खरंच शिवला होता आणि सकाळपासून घातलाही होता, खिशांवर घोड्याचे नाल काढलेला. मला इतकं वाईट वाटलं की तोंडातून 'बरं' निघणारच होतं. तेवढ्यात आई पळी घेऊन आली आणि माझ्याकडे रोखून बघायला लागली.

"आई, बाबा, ऐका," मी म्हणाले. "दुपारी मीच उभी राहणार, आणि पुढच्या वर्षीही मीच. बाबा, शर्ट फार छान दिसतोय तुला, पण तू आता स्वतःसाठी दुसरं रिव्हॉल्व्हर बघ."