डावीकडचं कमळ

चाळीस वर्षं मी कुंभकोणमात बस हाकली. डावा आरसा बघितल्याशिवाय गाडी हलवली नाही. आणि घरात काय केलं, ते ऐका.

पोंगलनंतर माझ्या बायकोला, कोदईला, मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले. घरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी उंबऱ्यापुढं सडा घालून तांदळाच्या पिठाचं कोलम, आमची रांगोळी, काढायला बसली. ठिपके, वळणं, कमळ, सगळं उजव्या अंगाला. डावीकडं नुसती ओली जमीन. मागं सरून म्हणाली, “काय देखणं झालंय हो!”

मला वाटलं, चेष्टा करतेय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, डोळे ठीक आहेत. मेंदूनं डावी बाजू सोडून दिलीय. तो दाखवतो तेवढंच यांना पुरं वाटतं, तेवढंच देखणं. तुम्ही डावीकडं बसा, हाक मारा, मान वळवायला लावा. रडल्या तरी, रोज.”

एकच दिवस केलं. अर्धंय म्हटल्यावर रडली. “लग्नापासून माझ्या कोलमावरून स्कूटर नेलीत, आता नावं ठेवताय?”

खरंच होतं ते. मग मी सोपी वाट धरली. ती आत गेली की डावी बाजू मीच भरायचो. माझं कमळ म्हणजे फुटका कोबी. शेजारची सेल्लम्मा म्हणायची, “ड्रायव्हर, ब्रेक लागला नाही वाटतं!”

“गप गं, ती ऐकेल.”

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर घड्याळ काढायला लावलं. बाराच्या बारा आकडे तिनं उजवीकडं कोंबले.

“घरी सराव होतो ना?” बाईंनी मला विचारलं.

“होतो की,” कोदईच बोलली. “रोज काढते. गल्ली थांबून बघते.”

मी आपल्या चपलांकडं बघत बसलो.

दुसऱ्या सकाळी मी पिठाला हात लावला नाही. तिच्या डावीकडं उकिडवा बसलो. “कोदई, इकडं बघ. अजून वळ. अजून.”

आधी तिला मी दिसलो, मग मोकळी जमीन.

“हे रोज असंच?”

“रोज मी भरायचो. चार महिने. बाईंनी तुला वळवायला सांगितलं होतं. मी नाही वळवलं.”

तिनं त्या मोकळ्या जमिनीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तरीच सेल्लम्मा हसायची.” स्वतः मात्र हसली नाही. पिठाची वाटी चाचपडत डावीकडं सरकवली. “उठू नका तिथनं.”

चार ठिपके पडले. पाचवा परत उजवीकडं गेला.

“इकडं,” मी म्हणालो.