चिमणीला चालणारी बिस्किटं

ढब्बूच्या आईला कुणी पुढे हो म्हटलं होतं? कुणीही नाही. व्हॅलेंटाइनच्या दिवशी यंदा खाऊ नको, पोरं कागदाचे बदाम कापून एकमेकांना देतील, असं बालवाडीच्या बाईंनीच सुचवलं होतं. कारण वर्गातली चिमणी. तिला दाण्यांचं वावडं. वावडं म्हणजे नुसती खाजबीज नव्हे. मागे कुणाचा तरी दाणे खाल्लेला हात लागला, तर पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला आणि बाई तिला उचलून दवाखान्यात धावल्या. तेव्हापासून तिच्या इंजेक्शनची पिशवी वर्गाच्या दाराशी टांगलेली असायची, आणि चिमणी रोज घरून आणलेल्या आपल्या डब्यातलंच खायची. वाढदिवस कुणाचाही असो.

"अहो, त्यात काय एवढं!" ढब्बूची आई पालकांच्या बैठकीत म्हणाली. "सगळ्यांना चालतील अशी बिस्किटं मी करते की. दाणे नाहीत, बदाम नाहीत, काजू नाहीत. आकार तेवढा बदामाचा!"

सगळे हसले. आपला विनोद तिला स्वतःलाही भारी आवडला. बैठक संपल्यावर चिमणीच्या आईनं येऊन तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. झालं, बाईसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

काम मात्र तिनं चोख केलं, खोटं कशाला बोला. सूर्यफुलाच्या बिया आणल्या, पाकिटावरचं बारीक अक्षर न् अक्षर वाचलं, मिक्सरचं भांडं नवीन घेतलं, ओव्हन घासून लख्ख केला. आदल्या दिवशी संध्याकाळी गुलाबी आयसिंग लावून बिस्किटं वाळत ठेवली तेव्हा घरात कुणाला ओट्याकडे फिरकूसुद्धा दिलं नाही.

सकाळी बघते तर काय, आयसिंगला भेगा! अशी तडकलेली बिस्किटं चारचौघांत न्यायची? छे! तिनं ओट्यावरची सुरी उचलली, थोडं ताजं आयसिंग कालवलं आणि भराभर भेगा बुजवत सुटली. निम्मी बिस्किटं झाल्यावर तिला सुरीच्या मुठीपाशी तपकिरी काहीतरी चिकटलेलं दिसलं. पीनट बटर. नवऱ्यानं ढब्बूच्या ब्रेडला लावून सुरी तशीच ठेवली होती.

आता इथं तरी शहाण्या माणसानं थांबावं ना? हिनं सुरी फडक्याला पुसली आणि उरलेल्या बिस्किटांवरून फिरवली. "एवढ्याशानं काय होतंय," असं स्वतःशी म्हणालीसुद्धा. उशीर होत होता, आणि एवढा गाजावाजा करून रिकाम्या हातानं जायचं म्हणजे नाक कापलं गेलं असतं. चिमणीचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिनं तो बाजूला सारला.

वर्गाच्या दारात चिमणीची आई भेटली. चिमणी एका पायावर उड्या मारत होती.

"आज हिला डबा दिलाच नाही," चिमणीची आई म्हणाली. "पहिल्यांदाच. उठल्यापासून नाचतेय नुसती, मी पण सगळ्यांचं खाणार म्हणून. तुम्ही केलंय म्हटल्यावर मला काही काळजी नाही बघा."

बिस्किटांचा डबा बाईंनी मघाशीच आत नेला होता; ढब्बूची आई त्यांच्यामागे धावली. तोवर पोरं सतरंजीवर गोल करून बसली होती आणि बाईंनी डब्याचं झाकण उघडलं होतं. "आज पहिलं बिस्किट कुणाला?" त्या म्हणाल्या, आणि चिमणीनं दोन्ही हात पुढे केले.

"बाई, थांबा!" ढब्बूची आई इतक्या जोरात ओरडली की दोन पोरं दचकली. "ते... ते डबा खाली पडला होता सकाळी. मातीत. माझ्या लक्षातच नाही राहिलं."

"सगळा डबा?" बाईंनी विचारलं. आतली बिस्किटं तर कशी नीटनेटकी, ओळीनं बसलेली.

"सगळा."

बाईंनी झाकण लावलं. पोरांची तोंडं उतरली. आणि मग ढब्बू, तिचा स्वतःचा ढब्बू, खणखणीत आवाजात म्हणाला, "चिमणीमुळेच! हिचे चोचले, आणि शिक्षा सगळ्या वर्गाला!"

पाच वर्षांच्या पोराला हे सुचतं का कुठं? घरी जेवताना आईच्या तोंडून ऐकलं होतं, शब्दसुद्धा तिचेच. दारात उभ्या असलेल्या सगळ्या पालकांना ते ऐकताक्षणी कळलं. तिचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला वाटलं.

चिमणीनं पुढे केलेले हात मागे घेतले. "बाई, मी घरी जाऊ का?" तिनं विचारलं. "मग ह्यांना खाता येईल."

"नाही गं बाळा, तुझ्यामुळे नाही," ढब्बूची आई म्हणाली. "डबा पडलाच नाही. मी खोटं बोलले. बिस्किटांना पीनट बटरची सुरी लागलीय. मला दिसलं होतं, तरी मी आणली."

"दिसलं होतं?" चिमणीच्या आईनं विचारलं.

"हो."

ती आरडाओरडा करील, चारचौघांत वाभाडे काढील, म्हणून ढब्बूची आई मान खाली घालून उभी राहिली. तसं झालं असतं तर परवडलं असतं. चिमणीची आई खाली बसली. तिनं लेकीचे ओठ बघितले, मग हात उलटसुलट करून बघितले.

"माफ करा हो," ढब्बूची आई म्हणाली. चिमणीच्या आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंना म्हणाली, "उद्यापासून डबा देते मी."

आईचा चेहरा बघून चिमणी कावरीबावरी झाली. मग ती ढब्बूच्या आईकडे वळली आणि घाईघाईनं म्हणाली, "काकू, मी नाही खाल्लं. खरंच. मी हातपण नाही लावला."