मिटलेली मूठ

झरीच्या जत्रेत महादेवाच्या आरतीला वीस हात उंच काठी उभी धरायचा मान किशनरावांच्या घराण्याचा. आरती संपेस्तोवर काठी हलता कामा नये, एवढाच नेम. बावीस वर्षं किशनरावांनी तो पाळला. मागच्या साली मात्र मध्येच त्यांचे डोळे फिरले, काठी डुलली आणि धाकट्या भावानं, राधाकिशननं, ती मागून सावरली. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय. गाव म्हणालं, आता धाकट्याला द्या.

किशनरावांचा जळफळाट झाला. बरं, बीपी राधाकिशनलाही होतंच. पण उपकेंद्रातल्या धम्मशीला सिस्टरनं त्याला रबरी चेंडू दिला, दोन मिनिटं दाबून धरायचा, विसावा घ्यायचा, असं चार वेळा. गोळ्या चालूच होत्या. तीन महिन्यांत बीपी एकशे अठ्ठावन्नवरून एकशे छत्तीसवर आलं. पारावर जो तो त्याचं कौतुक करी आणि हा हसत चेंडू दाखवी. तो चेंडू विहिरीत भिरकावावा असं किशनरावांना रोज वाटे.

सिस्टरला विचारणं म्हणजे धाकट्याची री ओढणं. मग त्यांनी कुडाआडून धाकट्याची कसरत पाहून घेतली. दिसली फक्त आवळलेली मूठ. घरी येऊन त्यांनी कुऱ्हाडीचा दांडा धरला. धाकटा दोन मिनिटं धरतो काय, थोरला पाच धरील! दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून, होता नव्हता तेवढा जोर लावून.

"कुणाचा गळा दाबायलाव?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

किशनरावांनी दांडा आणखी आवळला. बायकोनं बरोबर ओळखलं होतं.

जत्रेच्या दोन दिवस आधी पंचांनी ठरवलं, सिस्टर मोजतील आणि त्या सांगतील त्यानं काठी धरायची. राधाकिशनचं एकशे चौतीस भरलं. किशनराव खुर्चीत बसले. उजव्या दंडाला पट्टा बांधला. डावा हात बंडीच्या खिशात होता आणि त्यात दगडाची गोटी होती. ऐन वेळेला थोडी जास्तीची कसरत, म्हणजे आकडा आणखी खाली येईल, असा त्यांचा हिशेब.

एकशे अठ्ठ्याहत्तर.

राधाकिशननं मान खाली घातली. तो हसू लपवतोय असंच किशनरावांना वाटलं.

"काका, खिशात काय हाय?" सिस्टरनं विचारलं. गोटी बाहेर आली. "अवो, मूठ आवळली की तेवढा वेळ बीपी चढतंच. सगळा जोर लावून श्वास कोंडला तर लयच. उतरतं ते पुढं, महिना-दोन महिन्यांनी. तेबी तिसरा हिस्सा जोर लावून, श्वास चालू ठेवून. राधाकाकांनी सांगितलं न्हाई का?"

"दादानं इचारलंच न्हाई," राधाकिशन म्हणाला.

दहा मिनिटं हात सैल सोडून बसवल्यावर एकशे बेचाळीस भरलं. सिस्टर पंचांना म्हणाल्या, "काठी धरणं म्हणजे तीच आवळलेली मूठ. एकट्यानं कुणीच धरू नका. अर्धी आरती एकानं, अर्धी दुसऱ्यानं."

अर्धा मान! बावीस वर्षांनी वाटणी झाली, आणि तीही शेताची नाही, काठीची. किशनराव रात्री जेवले नाहीत.

जत्रेला पहिली पाळी थोरल्याची. मोजून श्वास घेत त्यांनी काठी धरली. ती तसूभर हलली नाही. अर्धी आरती झाली तसा राधाकिशनचा हात काठीला लागला. किशनरावांची मूठ सुटेना. सारं गाव बघत होतं.

"दादा, सोड आता," तो हळूच म्हणाला.

एकेक बोट उचलत त्यांनी काठी सोडली आणि ते दोन पावलं मागं सरले. काठी पडावी, एवढीच इच्छा त्या घडीला मनात होती. तेवढ्यात धाकट्याच्या मानेवरची शीर फुगलेली दिसली. गावासमोर पहिल्यांदाच मान मिळाला म्हणून तो श्वास कोंडून, सगळा जोर लावून उभा होता, अगदी थोरल्यासारखा.

किशनराव मग पुढं झाले.

"राध्या, श्वास घे," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "आन् मूठ सैल सोड. म्या हाय मागं."